अप्पांची नागीण

गेल्या महिन्यात एका दुपारी माझी मुलगी इरा किटामधून, म्हणजे इथल्या बालवाडीतून, घरी आली आणि नेहमीसारखी धावत जाऊन तिने आजोबांच्या कमरेला मिठी मारली. अप्पा जोरात कळवळले... आणि त्यांनी तिला चक्क ढकललं. पाच वर्षांची पोर. रडत माझ्याकडे आली, "आई, आजोबा ब्योझं आहेत!" म्हणजे दुष्ट.

अप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना कराडहून इकडे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला आणलं. वय बाहत्तर, मधुमेह जुना. नातीवर चिडणारा हा माणूसच नव्हे.

"अप्पा, काय होतंय?"

"काही नाही गं. थंडीने अंग खाजतंय जरा."

पण सदऱ्यावर पिवळट ओला डाग दिसत होता... मी त्यांना तसंच गाडीत घालून आमच्या हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नेलं. माझा नवरा अमेय कामासाठी बॉनला, त्यामुळे दुभाषी मीच.

खरी अडचण तिथे कळली. पुरळ कमरेपासून थेट जांघेपर्यंत. समोर बाई डॉक्टर, शेजारी सून... अप्पा पायजम्याची नाडी घट्ट धरून नुसते उभे. मग मी खिडकीकडे तोंड केलं आणि पाठमोरीच भाषांतर करत राहिले. दुखतं का, आग होते का, कधीपासून...

"आठवडा झाला असेल," अप्पा हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी पुरळ नीट पाहिलं. मग म्हणाल्या, ग्युर्टेलरोझं. म्हणजे आपली नागीण. गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू व्हायला हव्या होत्या. हे वय, त्यात शुगर... फोड सुकले तरी नसांचं दुखणं कित्येक महिने राहू शकतं. हेही मराठीत मलाच सांगावं लागलं.

परतताना मी जरा चिडूनच म्हटलं, "अप्पा, सांगायचं तरी!"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ही असती तर हिला न सांगता कळलं असतं... तुला कसं सांगू गं?"



फोड आता सुकलेत. दुखणं नाही गेलेलं. कपड्याचा स्पर्शही सोसत नाही, दोन बोटांनी सदरा अंगापासून लांब धरून बसतात. जेवण निम्म्यावर आलंय. इरा लांबूनच "डार्फ इश?", म्हणजे येऊ का, असं विचारते... मग ते हात पुढे करतात आणि ती तेवढाच धरते.

घरात शुगर असलेलं मोठं माणूस असेल तर एका बाजूला आग, पुरळ असं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लशीबद्दलही विचारून ठेवा. आम्हाला उशीर झाला...

काल सकाळी माझी मीटिंग चालू असताना अप्पा दारात येऊन उभे राहिले. "मेघा, आज फार आग होतीये गं."

लॅपटॉप तसाच सोडून उठले. करण्यासारखं फारसं नव्हतंच... औषध दिलं, शेजारी बसून राहिले. पण ते आपणहून आले, मला सांगितलं. सध्या तेवढ्यावरच दिवस ढकलतोय आम्ही दोघं.