सारवलेला बोर्ड

इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांना काय दाखवायचं, याबद्दल प्रत्येक गावाच्या आपापल्या कल्पना असायच्या. धसईच्या एका व्यापाऱ्याने त्यांना वायरिंग सोडून तांदळाचं गोदाम हिंडून दाखवलं. भातसानगरजवळच्या एका काकांनी मेन स्विचला हार घातला होता आणि तो काढून आत बघायचं म्हटल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी लायसन्सवाला वायरमन. मुरबाडला राहायचो आणि मुरबाड-शहापूर दोन्ही तालुके फटफटीवर पालथे घालायचो. राग माझ्या नाकावर असायचा, हे घरचे सांगतात आणि मी नाकारत नाही. वाकडी मारलेली पट्टी पाहिली, मग ती दुसऱ्या कुणाची का असेना, की मला जेवण गोड लागत नसे.

कामाची रीत ठरलेली होती. मी वायरिंग करायचं, टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का करून तो तालुक्याच्या वीज ऑफिसात द्यायचा, मग तिथले साहेब येऊन काम तपासणार. पास झालं तरच मीटर. नापास झालं तर पुन्हा नंबर लावा आणि पुन्हा साहेबांची वाट पाहा.

दोन हजार सालानंतर गावोगाव बायकांचे बचत गट निघाले, तेव्हाची ही गोष्ट. टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. तिथल्या गटाने दळणाची छोटी गिरणी घ्यायचं ठरवलं आणि वायरिंगला मला बोलावलं. गिरणी बसणार होती गटातल्या सगळ्यात थोरल्या बाईच्या पडवीत. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा की त्यांनी हाक मारली की अख्ख्या वाडीतली कोंबडी दचकायची.

वाडी आणि टोकावडं यांच्या मध्ये एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यातून जीप जाते, पावसाळ्यात माणूस जात नाही. तरी बायका जायच्या, कारण दळण पलीकडे. मी पहिल्या दिवशी भिंतीवर खुणा करत होतो तेव्हा मावशींनी ते सहज बोलल्यासारखं सांगितलं.

"मागल्या साली मी गेलीच व्हती वाहून. डोक्यावर पिठाचा गाठोडा. तो सोडला, झाडाची मुळी धरली, तवा वाचली." मग म्हणाल्या, "चांगला बारीक दळलेला व्हता, गेला फुकट."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दोन्ही सुना ओसरीत तांदूळ पाखडत होत्या, त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "या पावसाला ह्या पोरींना मी त्या पान्यात उतरू देनार नाय. गिरनी पावसाच्या आधी फिराला पायजे, दादा."

मग मी त्या कामात जीव ओतला. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीचा लिंपा. अशा भिंतीत खिळा ठरत नाही. मी सागाच्या पट्ट्या बांबूला तारेने आवळून घेतल्या, त्यांवर वायर झाकणारं केसिंग मारलं, मेन स्विच आणि बोर्ड लाकडी फळीवर बसवला, मागे अर्थिंगचा खड्डा काढून कोळसा आणि मीठ भरलं. सगळं ओळंब्यात. ते काम बघायला मी दोनदा उगाचच मागे सरकून उभा राहिलो, इतकं ते मला आवडलं होतं.

साहेबांची तारीख मिळाली ती वैशाखातली. ऑफिसातून निघतानाच ते म्हणाले होते की, तुमच्या त्या अंगाची ही शेवटची फेरी. आज जे पास होईल ते पावसाआधी, बाकीचं दिवाळीनंतर. मी मनात म्हटलं, माझं काम आणि नापास? बघूच.

जीप ओढा ओलांडून मावशींच्या अंगणाच्या कडेला थांबली. मी पुढे होऊन पडवीत शिरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. माझं वायरिंगच दिसेना. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताज्या शेणाने सारवलेली, हिरवट, ओली, बोटांच्या कमानी उठलेल्या. केसिंग, जोडाचे डबे, बोर्ड, मेन स्विच, सगळं त्यात गुडूप. बोर्डाच्या जागी एक चौकोनी फुगवटा होता आणि त्यावर तांदळाच्या पिठाने सुरेख फूल काढलं होतं.

"मावशी!" मी ओरडलो. "हे काय करून ठेवलंत?"

मावशी कोपरापर्यंत शेणाने भरलेले हात घेऊन दारात आल्या. तोंडावर कौतुकाची वाट बघणारं हसू. "सायेब येनार ना. पावना घरात येतो तं भिंती काय तशाच ठेवाच्या? आमी समद्या जनी पाहाटपासून सारवतो."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, त्यातलं सगळ्यात सभ्य एवढंच. साहेबांनी मात्र आवाज चढवला नाही. नाकाला रुमालही लावला नाही. पेटीतून त्यांनी मेगर काढला. हँडल फिरवलं की वायरिंगमधून वीज कुठे गळेल का, हे त्याचा काटा सांगतो. मी बोटाने शेण खरवडून टोकं मोकळी करून दिली. साहेबांनी हँडल फिरवलं. काटा शून्यापाशी निजून राहिला. स्विचच्या भोकांतून ओल पार आत गेली होती.

"काम चांगलं दिसतंय," ते म्हणाले. "पण या काट्यावर मी पास करू शकत नाही. उद्या मोटरीला हात लावून कुणी बाई मेली तर? सुकू द्या. दिवाळीनंतर येतो."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मी मावशींकडे वळलो. त्यांना सगळं कळलं होतं. हसू गेलं होतं. त्या एकदा सुनांकडे बघत होत्या, एकदा ओढ्याकडे. रडतील असं मला वाटलं.

त्या रडल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर गेल्या, घमेल्यातलं शेण कालवलं, साडी खोचली आणि उकिडव्या बसून उंबऱ्यापासून अंगण सारवायला लागल्या. "या गो समद्या," एवढंच म्हणाल्या. बायका धावल्या. एका रांगेत बसून, हाताचे अर्धगोल काढत, त्या भराभर मागे मागे सरकत गेल्या, थेट जीपच्या चाकापर्यंत. साहेब पेटी बंद करून, बूट घालून दारात आले, तेव्हा त्यांच्या आणि जीपच्या मध्ये ओलं, नितळ अंगण पसरलं होतं. मागच्या बाजूला दार नव्हतं.

साहेबांनी एक पाय उचलला. तो हवेतच राहिला. मग त्यांनी तो परत आत घेतला.

"मावशी, हे मुद्दाम केलंत," ते म्हणाले.

"मंग काय!" जीपपाशी उभ्या राहून मावशी म्हणाल्या. "जा ना सायेब, कोन अडवतो तुमाला? ठेवा पाय."

साहेब माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता फुटणार. पण ते हसायलाच लागले. "जुन्नरकडचा आहे हो मी. ओल्या सारवणावर पाय दिला म्हणून आईने एकदा लाटणं फेकून मारलं होतं. आता काय बूट घेऊन नाचू?" त्यांनी बूट काढले आणि बाजेवर बसले. "अंगण सुकेपर्यंत मी इथे आहे. तेवढ्यात तुमच्याने होत असेल तर बघा."

मग मी आहे आणि स्क्रूड्रायव्हर आहे. बोर्ड उघडला, एकेक स्विच सुटा केला, फडक्याने पुसून भिंतीच्या झरोक्यातून बाहेर दिला. बाहेर थोरली सून उभी होती. कौलं तिच्या हाताला येतील इतकी खाली होती आणि त्यांवर सुपात मोहाची फुलं वाळत होती. त्या फुलांतच तिने माझे स्विच, सॉकेट, मेन स्विचचे फ्यूज ओळीने मांडले. एक कोंबडी फ्यूज घेऊन पळाली. तिच्यामागे सगळी वाडी धावली, अंगण सोडून, कडेकडेने. साहेब झरोक्याला डोळा लावून "डावीकडे, डावीकडे गेली!" असं ओरडत होते.

आतल्या खोलीतली चूल धुमसत होती. तिचे निखारे घमेल्यात घेऊन मी भिंतीला लांबून धग दिली. फळीमागची ओल पुसली, डबे चाकूने कोरून साफ केले, घामाने निथळलो. शेजारच्या घरातून, झरोक्यावाटे चहा आला, मग भाकरी आणि सुकटीची चटणी आली. जेवून साहेब बाजेवर चक्क घोरायला लागले. मी सुपातून तापलेले स्विच परत घेऊन एकेक बसवले. मोहाचा वास त्यांना लागला होता.

साहेब उठले तेव्हा अंगण करडं पडलं होतं. मी मेगर त्यांच्या पुढे ठेवला आणि खरं सांगतो, मला बघवेना. बायका दारात गोळा झाल्या. मावशी सगळ्यात मागे. साहेबांनी हँडल फिरवलं. काटा हलला, वर सरकला आणि जिथे जायला हवा होता तिथे जाऊन थांबला. त्यांनी विश्वास न बसल्यासारखं पुन्हा फिरवलं, दुसऱ्या टोकांवर फिरवलं, अर्थिंग पाहिलं. मग रिपोर्टवर सही केली.

"एक अट," ते म्हणाले. "भिंत वाटेल तेवढी सारवा. बोर्डाला शेणाचा हात लागला तर मी येऊन मीटर काढून नेईन."

मावशींनी धाकट्या सुनेला पीठ आणायला सांगितलं आणि बोर्डाभोवती हातभर अंतरावर पांढरी चौकट काढली. "ह्याच्या आत शेन नाय," त्या साऱ्यांना बजावून म्हणाल्या. त्यानंतर दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक कुडाच्या घरात मी बोर्डाभोवती चुन्याची चौकट काढत आलो. लोक विचारायचे, ही कसली पद्धत? मी म्हणायचो, सरकारी.

मीटर पावसाच्या तोंडावर बसलं. त्यानंतर श्रावणात माळशेजच्या वाटेवरच्या एका ढाब्याचं काम आटोपून परतताना मला वाटलं, गिरणी कशी चालते ते बघून जावं. फटफटी रस्त्याला लावली, चालत ओढ्यापाशी गेलो. ओढा दोन्ही काठ भरून लाल धावत होता. मागल्या साली डोक्यावर गाठोडं घेऊन मावशी यात उतरल्या होत्या, हे मला तेव्हा खरं कळलं.

पलीकडच्या काठावर कुणी तरी मला पाहिलं असावं, कारण जरा वेळाने मावशी आल्या. पिठाने भुवयांपर्यंत पांढऱ्या. मी पँट दुमडायला लागलो, उगाच, बढाई म्हणून. त्यांनी दोन्ही पांढरे हात वर केले आणि तो आवाज पाण्यावरून इकडे आला.

"उतरू नको रे बाबा! ओढा उतरला मंग ये भाकरी खायाला!" आणि वर म्हणाल्या, "आमाला आता कशाची घाई नाय!"