इस्तारीकाकाचं तलावावरचं ऑलिम्पिक

इस्तारीकाका म्हंजे माह्या बाबाचा लहान भाऊ. सकाळी तलावात मासे धरते, मंग धानाच्या बांधीत जाते. मागं माह्या मोबाइलवर ऑलिम्पिकचं उद्घाटन चालू होतं तं काका पापनी न लवता पाहून राह्यला होता.

"एवढे देश झेंडे घेऊन फिरून राह्यले, अन् भांडन नाई! आपल्या तलावावर काऊन नाई होत हे?"

मी म्हनली, काका, जुन्या ग्रीसमंदी पैले फक्त धावाची एकच शर्यत होती, बाकी सारं मंग वाढत गेलं.

"मंग आपनबी एकापासून सुरू करू!"

काकाचा एक म्हंजे जाळं फेकनं. ज्याचं जाळं पान्यावर जास्त गोल पडंन तो जिंकला. दोनच गावं, आमचं अन् तलावापलीकडचं हेमराजभाऊचं. जाळ्यात आलेले मासे काकाच्या घरी गिरजाकाकूच्या गंजात शिजाचे, अन् सगळ्याईची पंगत.

अन् मंग जे वाढलं ना! हेमराजभाऊच्या गावाले जाळं जमे नाई, म्हनून कबड्डी आली. मंग सायकल. एटापल्लीकडचे पोरं तिरकमठा घेऊन आले, तो बी घेतला. सिरोंच्याच्या नदीपलीकडून कोनाचा तरी तेलुगू जवाई आला, तं काकानं ब्यानरवर 'आंतरराष्ट्रीय' लिहून टाकलं.

"काका, तेलंगणा भारतातच हाये!"

"बोलून दाखव त्याच्यासंगं. नाई समजत ना? मंग झालं!"

यंदा मीटिंगमंदी हेमराजभाऊ अध्यक्ष. म्हने, "इस्तारी, जाळ्यात दरसाल तुमचंच गाव जिंकते. तो खेळ काढा. मोठ्या ऑलिम्पिकमंदी रस्सीखेच होती, काढली ना? कोन रडलं?"

काकानं माह्याकडं पाह्यलं. मी मोबाइल पाह्यला. खरंच होतं राजेहो!

काका घरी आला, जाळं खुटीले अडकवलन. काकू म्हने, "रुसले का जी?"

"नाई. माह्याच ऑलिम्पिकमंदी मी आता पाहुना."

मले तं रडूच आलं.

खेळाच्या दिवशी सारं जोरात झालं. दिवस कलला, पंगत बसली, पत्रावळीवर वरन-भात अन् वांगे. हेमराजभाऊनं दोनदा गंजाकडं मान लांबवली.

"गिरजाबाई, मासे?"

"कुठून आनू भाऊ? कबड्डीतून निंघते का मासे?"

तेलुगू जवाई गंजात डोकावून हळूच म्हने, "चेपलु?" बस, हे तेलुगू सगळ्याईले समजलं.

हेमराजभाऊ पत्रावळी हातात घेऊनच उठले. "खेळ परत घेतला!"

"मोठ्या ऑलिम्पिकमंदी घेते का परत?" काकानं इचारलं.

मी मोबाइल पाहून जोरात ओरडली, "घेते! गोल्फ शंभराच्या वर वर्सांनं परत आला!"

"मंग थांबा शंभर वर्स," काका म्हने अन् मांडी घालून बसला.

तिरकमठेवाले पोरं हातापाया पडाले लागले. काकू चुलीपासून ओरडली, "लई झालं जी! उजेड हाये तवरक उठा, तेल तापलं!"

काका असा पळाला ना खुटीकडं, कबड्डीवालेबी पाहातच राह्यले! सारी पंगत पत्रावळ्या घेऊन तलावाच्या पारीवर. काकानं डोंगा पान्यात लोटला अन् त्यात उभं राहून जाळं फेकलं. असं गोल, असं गोल, का पुसू नका. अन् इकडं सारे ओरडून राह्यले, "किती आले? झिंगे हायेत का?"

"अबे, मासे मंग मोजा! गोल पाहा ना, गोल!" काका डोंग्यातून बोंबलत होता.

कोनीच पाह्यलं नाई. एकटी काकू झारा घेऊन काठावर उभी होती.

"पुरा गोल हाये जी. जिंकले तुमी. आना आता लवकर."