बॅकअपमधली जनावरं

आमच्या दूध संघाचा सर्व्हर अडला की शिरूरहून एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला यायचा. आधी सर्व्हरवर तळहात ठेवायचा, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणायचा, "लई तापलंय बिचारं."

त्या उन्हाळ्यात बॅकअप दिवस दिवस संपेना. चहा निवेपर्यंत त्यानं कारण शोधलं. मागच्या दुष्काळात संघानं चारा छावणी चालवली होती, तिथल्या जनावरांचे रोजचे फोटो डेटाबेसमध्ये साचले होते.

मी वैतागलो. "छावणी कवाच उठली. उडवून टाक की!"

"न्हाई सायब," तो हळूच म्हणाला. "यातली लई जनावरं आता फकस्त हितंच उरलीत."

त्यानं पिशवीतून स्वतःची डिस्क काढली, सगळे फोटो तिच्यात हलवले आणि वर पेनानं लिहिलं: गोठा.