कापराचा वास

गावातली बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला सारिंतेनलाच बोलावणं येई. सगळे तिला मानाने ‘बू’, म्हणजे आई, म्हणत. तिच्या हाताखालून गेलेली बाई झोपल्यासारखी दिसते, असं गाव म्हणायचं. हल्ली मात्र करोनाने इस्पितळात दगावलेल्या बायका प्लास्टिकात गुंडाळून परस्पर पुरत होते. ते तिच्या जिवाला फार लागलं होतं.

तिला स्वतःला आदल्या वर्षीच करोना होऊन गेला होता. नंतर शिबिरात रक्त तपासलं, तर प्रतिपिंडं भरपूर निघाली. तेव्हापासून लसीचं नाव काढलं की ती म्हणे, "माझ्या रक्तात पहारेकरी बसलेत. आणखी कशाला पोसू?"

त्या सकाळी शेजारची एंडांग कुंपणाशी आली. डोळे सुजलेले. "बू, आई गेली. पोटाचं दुखणं होतं. लवकर या."

सारिंतेनने बादली उचलली, तशी सून दारात आडवी उभी राहिली. वेनिंगला सातवा महिना होता आणि गरोदर बायकांना अजून लस देत नव्हते.

"जाऊ नका, बू. त्या खोकत होत्या, मी ऐकलंय."

"म्हातारी माणसं खोकतात. आणि मला होऊन गेलाय ना?"

"तो जुना. नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या पहारेकऱ्यांनी जुन्या चोराचं तोंड पाहिलंय. हा तोंड बदलून आलाय. ओळखतील, पण उशिरा. त्यातून इतक्या महिन्यांत निम्मे पेंगले असतील."

"नर्सबाईला म्हणावं, जिवंत माणसं बघ. मेलेली माझ्याकडे राहू देत."

"आणि माझ्या पोटातलं? त्याला कुठले पहारेकरी?"

सारिंतेन थबकली. पण एंडांगची आई पारियेम तिची लहानपणची मैत्रीण. तिला न धुता मातीत घालायची? "पोटाचं दुखणं म्हणालीय ती," असं पुटपुटत तिने सुनेला बाजूला सारलं.

एंडांगच्या मागच्या अंगणात पडदे बांधले होते. उकाड्याने तिने मास्क हनुवटीवर ओढला. नेहमीप्रमाणे पारियेमला अर्धवट बसती करून पोटावरून तळवा दाबत फिरवला. छातीत कोंडलेली हवा उसाशासारखी तिच्या तोंडावर आली.

शेवटच्या पाण्यात घालायला एंडांग कापूर कुटत होती.

"अगं, पुरे! डोळे झोंबले माझे. किती घालशील?"

"जास्त झाला? मला वासच येत नाहीये."

सारिंतेनचा हात जागच्या जागी थांबला. "कधीपासून?"

एंडांगने बत्ता खाली ठेवला.

"तुला विचारतेय मी."

"आईला ताप आला तेव्हापासून." एंडांग रडायला लागली. "खरं सांगितलं असतं तर तिला प्लास्टिकात नेलं असतं, बू."

सारिंतेनने मास्क वर ओढला. आता त्याचा उपयोग नव्हता, हे तिला कळत होतं. तिने शेवटचं पाणी घातलं आणि घरी न जाता कुंपणाशी उभी राहिली.

"वेनिंग, कडी लाव! मी कुंपणाबाहेर बदकांच्या खोपटात राहते. माझी चटई नि थाळी कुंपणावर ठेव. जवळ यायचं नाही."

वेनिंगने कडी लावली. भाताबरोबर केळीच्या पानात कापराची वडी रोज येऊ लागली. ती लांबून विचारी, "वास येतोय?"

"येतोय. बदकांचाही येतोय, जीव खाल्लाय मेल्यांनी."

मग एका रात्रीत अंगात कणकण भरली. सकाळी सारिंतेनने पुडी न सोडताच नाकाशी धरली.

"वास येतोय?"

"येतोय."

"आज मी नुसतं पान गुंडाळलंय, बू."

सारिंतेनने पुडी सोडून पाहिली; पान रिकामं होतं. मग वेनिंगने नर्सबाईंना फोन लावला.

ताप चढला, दम लागला, बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा घसरला आणि रडतखडत सावरला. नर्सबाई म्हणाल्या, "पहारेकरी जागे झाले तुमचे, बू, पण चोर आत शिरल्यावर. बऱ्या झालात की लस घ्यायची."

सारिंतेनचं तिकडे लक्षच नव्हतं. ती भिंतीला धरून खोपटाच्या दारात आली.

"वेनिंग, तुझं सांग. तुला वास येतोय?"

"कशाचा?"

"कशाचाही, बाई!"

"बदकांचा येतोय," अंगणापलीकडून सून ओरडली. "आणि बू, आता तुमचाही येतोय. आंघोळ करा!"

सारिंतेन तिथेच उंबऱ्यावर बसली आणि हसता हसता रडली.