बोर्डासमोर मारलेली गाठ

चुडामणचा हात निकामी झाला तेव्हा बुऱ्हाणपूर नागपूरच्या राज्यात होतं. हाताचा निकाल लागायच्या आत राज्यांची नवी वाटणी झाली आणि ते भोपाळच्या राज्यात गेलं. गाव जागचं हललं नाही. चुडामणचे कागद मात्र कुठं आहेत ते कुणाला सांगता येईना.

तो सरकारी विणकाम केंद्रात कारागीर होता. ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, गुंडाळायच्या यंत्राचं झाकण मोडलं होतं. ते बसवा म्हणून त्यानं साहेबाला सांगितलं होतं. खर्चाला मंजुरी नाही, असं उत्तर आलं. पावसाळ्यातल्या एका दुपारी यंत्राच्या दात्यांनी त्याचा उजवा हात आत ओढला. बोटं तुटली नाहीत. मधली तीन आखडून तळव्याकडे वळली ती कायमची. अंगठा आणि करंगळी तेवढी हलत.

सरकारी कामावर हात गेला तर सरकारनं जन्मभर पेन्शन द्यायची, असा नियम होता. किती द्यायची ते डॉक्टरांचं बोर्ड ठरवणार. बोर्ड जिल्ह्याच्या गावी बसायचं, म्हणजे बसायला हवं होतं. आधी सर्जनची जागा रिकामी. सर्जन आला तर एक्स-रेची फिल्म नाही. फिल्म आली तर दुसऱ्या डॉक्टरला यायला भत्ता नाही. तेवढ्यात राज्य बदललं आणि सगळ्यांना नवं कारण मिळालं.

जिल्ह्याच्या दफ्तरात हे खातं सुधाकर बाबूकडे होतं. खोलीच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या एकावर एक वाळलेल्या. कागदांच्या गठ्ठ्यांवर मांजर व्यालेलं. बाबू टाचणीनं कान कोरायचा, टाचणी पुसायचा आणि तीच कागदाला लावायचा.

"अपघात जुन्या राज्यातला," बाबू म्हणाला. "पेन्शन नव्या राज्यानं का द्यावी? लिखापढी चालू आहे."

"हात तर माझाच आहे ना, बाबूजी?"

"हात तुझा. जिम्मेदारी कुणाची, ते ठरायचं आहे. आणि हा पंचनामा मराठीत आहे. हिंदीत करून आण."

चुडामणनं तो हिंदीत करून नेला. मग बाबूला मूळ मराठी हवा झाला. रिकामटेकड्या माणसांचा चुडामणला राग नव्हता. काम समोर पडलेलं असताना नुसतं त्या कामाकडे बघत बसणारा माणूस त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता.

घर बायकोच्या, गोदाबाईच्या, चाकावर सुताच्या कांड्या भरण्यावर चाललं होतं. त्यांच्या गल्लीत घराघरात माग. तिथली रीत अशी, की जाता-येता कुणाच्या मागावर तुटलेलं सूत दिसलं तर ते सांधूनच पुढं जायचं. माग कुणाचा का असेना. हात गेल्यापासून चुडामण मान खाली घालून गल्लीतून जाई. शेवटी त्याला ते सोसेना. अंगठा, करंगळी, डावा हात आणि दात एवढ्यावर तो पुन्हा गाठ मारायला शिकला. शिकताना करंगळी सुजून भोपळ्यासारखी झाली. दुसरा माणूस विडी ओढून संपवील तेवढ्या वेळात त्याची एक गाठ व्हायची. त्यावर पोट भरणं शक्य नव्हतं. पण गाठ पक्की असायची, आणि गल्लीतून तो मान वर करून जायला लागला.

बोर्ड बसणार असा निरोप आला तेव्हा गोदाबाईनं त्याला बजावलं, "तिथं काही करून दाखवू नका. हात मांडीवर ठेवा आन् गप बसा."

"मी काय तमाशा दाखवायला चाललो का?"

"तुमचा भरोसा नाही."

बोर्ड म्हणजे मेजामागे तीन डॉक्टर. फिल्म पुन्हा संपली होती, म्हणून मोठ्या डॉक्टरनं बोटं नुसती दाबून बघितली. चुडामणच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरनं विचारलं, "विणकर ना तू? मग गाठ मारून दाखव." नर्सनं जखम शिवायचा दोरा कापून त्याचे दोन तुकडे मेजावर ठेवले.

नाही जमत, एवढंच म्हणायचं होतं. चुडामणनं तोंडही उघडलं. पण समोर सुताची दोन टोकं पडली होती आणि तीन शिकलेली माणसं बघत होती. त्यानं एक टोक दातात धरलं, करंगळीनं फास वळवला, अंगठ्यानं दाबला, ओढला. उरलेलं टोक दातानंच तोडून दोरा मेजावर ठेवला. डॉक्टरनं तो दोन्ही हातांनी ताणून बघितला. गाठ हलली नाही.

"वा, उस्ताद," डॉक्टर मनापासून म्हणाला आणि त्यानं कागदावर लिहिलं.

परतीच्या गाडीत चुडामण खुशीत होता. घरी आल्यावर त्यानं गोदाबाईला सगळं रंगवून सांगितलं. ती कांड्या भरायची थांबली.

"तुम्ही गाठ मारून दाखवली?"

"ताणली त्यानं. सुटली नाही."

"आता पेन्शन त्या गाठीलाच बांधा," ती म्हणाली आणि पुन्हा चाक फिरवायला लागली.

हुकूम आला तो असा, की हात कामास योग्य, अपंगत्व नाममात्र, पेन्शन नाही, कारागिरानं केंद्रात रुजू व्हावं. केंद्र तोवर अनुदानाअभावी बंद पडलं होतं. दाराला कुलूप होतं. खिडकीतून आत बघितलं तर यंत्राचं झाकण तसंच मोडकं.

तो पुन्हा सुधाकर बाबूसमोर उभा राहिला. बाबूला या वेळी त्याची दया आली असावी. त्यानं आवाज खाली केला.

"अपील कर. दुसरं बोर्ड बसेल. पण या वेळी गाठ सुटू दे. समजलं? पंगू माणसानं पंगू दिसायला हवं."

"मी पंगूच आहे, बाबूजी."

"मग तसा दिस ना भाऊ."

दुसरं बोर्ड बसायला पुन्हा तितकाच काळ गेला. या वेळचा डॉक्टर वेगळा होता. तो मेजावर वर्तमानपत्र पसरून पेरू खात होता. बिया त्याच कागदावर थुंकत होता. हात त्यानं बघितलाच नाही. म्हणाला, "गाठ मारता येते असं मागे लिहिलंय. मार."

चुडामणनं दोरा दातात धरला. फास वळवला आणि करंगळी ढिली सोडली. दोरा खाली पडला. त्यानं तो उचलला, पुन्हा तसंच केलं. घामानं त्याची पाठ भिजली. नीट गाठ मारायला त्याला कधी एवढे कष्ट पडले नव्हते.

"बस, बस," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं अर्धा हात निकामी असं लिहून टाकलं. जो हात खरोखर अर्धा निकामी होता, त्याचं खरं माप चुडामणनं लबाडी केल्यावर कागदावर आलं.

बाहेर येऊन त्यानं नळावर चूळ भरली. पुन्हा भरली. तोंडातली चव जाईना.

कागद घेऊन तो बाबूकडे गेला. बाबूनं शिक्का मारला, सही केली, अभिनंदनसुद्धा केलं. "पेन्शन मंजूर. पैसे अनुदान आल्यावर. औंदाचं मार्चात संपलं."

"कधी येईल?"

"भोपाळला लिहू. अधूनमधून चक्कर मारत जा."

घरी पोचला तेव्हा गोदाबाई चुलीपाशी होती. त्यानं हुकूम तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं पदराला हात पुसून तो घेतला.

"किती दिली?"

"अर्धा हात गेला असं लिहिलं."

"आन् पैसे?"

"मागत बसायचे. मी आता तिथं जाणार नाही, गोटूची माय. त्यांनी माझ्याकडून वाईट काम करून घेतलं. माझ्या बापानं मारून मारून जे शिकवलं, ते मी त्या पेरू खाणाऱ्यापुढं पाडून आलो. आता भीक घालायला तरी त्यांनी इकडं यावं."

गोदाबाईनं हुकमाची नीट घडी केली आणि चोळीत ठेवली.

"तुम्ही नका जाऊ," ती म्हणाली. "सोमवारी मी जाते. कांड्यांची टोपली संगं नेते आन् त्या बाबूच्या दारातच भरत बसते. पैसे देईल तवा उठीन. तुमच्यासारखं मला कुणाला काही करून दाखवायचं नाही."

सोमवारी पहाटे चुडामणनं टोपली डोक्यावर घेतली आणि तिला गाडीत बसवून दिलं.