मागच्या चाकाखालचा दगड

आता काय सांगू तुम्हाला! चहाचा कप आधी खाली ठेवा. मी माझ्या सख्ख्या बापाला सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, लोटलंय!

बंगळुरूला शिकून गावी परतलो, तो गाव बदलायचंच ठरवून. बाबांच्या जुन्या गाडीतून पेशंट फुकट दवाखान्यात न्यायचे, ही माझी योजना. बाबा म्हणाले, "आधी ब्रेक नीट करून दाखव. नाही तं देतो भंगारात."

पांढरकवड्याच्या रफीकभाई मेकॅनिकनी गाडीखाली डोकं घातलं. "पुढं डिस्कचे ब्रेक, मांगं जुन्या पद्धतीचे ड्रमचे. कंपनीतूनच तशी आली भाऊ. लायनर बदलून देतो, झालं."

"अर्धं नवं, अर्धं जुनं? हाच तर आपल्या समाजाचा रोग आहे! चारही चाकांना डिस्क!"

"पण भाऊ, मांगच्या ड्रमातच तं..."

"रफीकभाई, बदलाला घाबरू नका!"

बिचाऱ्यांनी हात टेकले. कुठल्याशा भंगार गाडीच्या डिस्क मागे बसवल्या आणि सीटखाली नारळाएवढा दगड ठेवला. "हा राहू द्या गाडीत. संकट टळते."

घ्या! लिंबू-मिरची कमी होती म्हणून आता दगड! अंधश्रद्धेवर दहा मिनिटं भाषण ठोकलं आणि दगड दिला गटारात फेकून.

घरासमोरच्या चढावर परीक्षा. बाबा शेजारच्या सीटवर, बघायला अर्धी आळी. ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी!

"वा रे पठ्ठ्या! पास झाला तू," बाबा खूश.

गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. काय हलका! म्हटलं, नवं तंत्रज्ञान. टुणकन उतरलो आणि लोकांकडे वळलो. "मित्रहो, परिवर्तन म्हणजे..."

"अरे बापू, तुहं परिवर्तन मांगं चाललं नं!" शेजारच्या शांताकाकू किंचाळल्या.

वळून पाहतो तर गाडी उलटी निघालेली, आत बाबा, आणि खाली कुटाराचा ढीग. भप्प!

बाबा बाहेर आले ते मिशीत कुटार घेऊन. "ब्रेक चांगला हाय बे. फक्त थांबाले कुटार लागते."

रफीकभाईंना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "तेच तं सांगून राह्यलो होतो. हँडब्रेकची तार त्या ड्रमातच असते. म्हणून तं चाकाखाली लावाले दगड देल्ला."

मागे पुन्हा ड्रम बसले. गाडी भंगारातून वाचली, पण बाबांच्या एका अटीवर: दगड गाडीत हवाच, आणि तोच हवा. गटारात हात घालून मीच शोधला.

आता दवाखान्यासमोर गाडी लावली की मी मागच्या चाकापाशी वाकतो. काल शांताकाकू कुणाला तरी सांगत होत्या, "पाहा व माय, एवढा शिकून आला पोरगा, पण दगडाच्या पाया पडल्याबिगर पुढं पाऊल नाही टाकत!"