शकुच्या कपाळावरचा पट्टा

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. सकाळी नळाला पाणी बारीक. दुपारी माझी भाची रुचिरा जेवायला. शेजारची शकुही आली, चेहरा उतरलेला.

शकु साकीनाक्याच्या एका कारखान्यात प्रेस चालवते. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, मग वरून ठोका पडतो. मार्चमध्ये एका कारागिराचं बोट गेलं. तेव्हापासून प्रेसवाल्यांच्या कपाळाला पट्टा असतो. तो मेंदूतले विजेचे बारीक संकेत टिपतो आणि माणूस पेंगतोय असं कॉम्प्युटरला वाटलं, की प्रेस बंद पडते. त्या कॉम्प्युटरला शिकवणाऱ्यांत आमची रुचिरा आहे.

शकुची प्रेस दिवसभर बंद पडत होती. असंच चाललं तर तिला पॅकिंगला बसवणार होते. ती प्रेसवर लागली तेव्हा तिथे दुसरी बाई नव्हती. पॅकिंग म्हणजे तिच्या लेखी घरीच बसवणं.

"काय मॅडम," ती रुचिराला म्हणाली, "तुमच्या पट्ट्याचं माझ्याशी काय वाकडं आहे?"

"शकुताई, रात्री झोप होते ना?"

"मेल्यासारखी झोपते. तुमच्या मावशीला विचारा, भिंतीपलीकडे घोरणं ऐकू येतं."

येतं, मी म्हटलं.

रुचिरा घास हातात धरून तिच्या जबड्याकडे बघत होती. "तोंडात काय आहे?"

"सुपारी."

"कामावर पण?"

"नाहीतर डोळा लागेल की."

"आणि पहिल्या दिवशी आम्ही तुमचे संकेत घेतले तेव्हा?"

"तेव्हा थुंकून आले. एवढी शिकलेली माणसं समोर, तोंड हलवत बसू का?"

रुचिरा हसत सुटली. जबडा हलला की त्याचे संकेतही पट्ट्यात मिसळतात, म्हणाली. कॉम्प्युटर शकुला फक्त रिकाम्या तोंडानं ओळखत होता, म्हणून चघळणं त्याला पेंग वाटायचं.

मंगळवारी सुपारीसकट पुन्हा नोंद घेतली. बुधवारी प्रेस एकदाही थांबली नाही. गुरुवारी जेवणानंतर थांबली.

"मालक म्हणाले, परत तेच?" संध्याकाळी शकु मला सांगत होती. "पट्ट्यावर ढकललं असतं तर खपलं असतं. पण काकू, मी खरंच पेंगत होते. नातवाला ताप, रात्रभर जागी. सांगून टाकलं आणि आजच्यापुरती पॅकिंगला बसले."

"आणि उद्या?"

"म्हणाले, झोपून ये आणि प्रेस घे. आता मला उठवू नका हं."

ती लगेच गेली. मी डायरी लिहिली. शेवटची ओळ: दूध नासलं, साखर घालून आटवलं.